घोट

वर्ध्याच्या दवाखान्यातल्या त्या सिस्टरचं नाव मी कधी विचारलं नाही. सातव्या महिन्यातच झालेल्या माझ्या लेकीला दूध ओढता येत नव्हतं. मी वाटीत काढून दिलेलं दूध सिस्टर नळीतून थेंब थेंब सोडायची आणि सोडताना स्वतःच ओठ हलवून घोट घ्यायची. मला हसू यायचं.

"असं काऊन करता, सिस्टर?"

"तिले गिळता येत नाई ना माय, मंग मीच गिळून राह्यली."

नवव्या दिवशी लेक गेली.

दुसऱ्या सकाळी छाती दाटली, तशी सवयीनं मी वाटी भरून नेली. सिस्टरनं ती दोन्ही हातांनी घेतली. आईचं दूध मोरीत टाकू नये म्हणतात. बाहेरच्या कडुनिंबाच्या मुळाशी बसून ती थेंब थेंब सोडत राहिली. तिचे ओठ हलत होते.