माझे डोळे, बाबांचा मोतीबिंदू

आमच्या बाबांनी एकदा शेजारच्या काशिनाथकाकांची म्हैस आणून आमच्या गोठ्यात बांधली आणि आमची म्हैस बाहेर रस्त्यावर ठेवली. काका संध्याकाळी धार काढायला निघाले तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. बाबा मागे हटायला तयार नव्हते. आपली म्हैस आपल्याला कळत नाही का, असा त्यांचा सवाल होता. शेवटी म्हशीनेच निकाल लावला. काकांनी हाक मारली तशी ती दावं ओढत त्यांच्या मागे निघून गेली आणि बाबा गोठ्यात एकटे उभे राहिले. (आमची म्हैस तोवर कुणाच्या तरी वालाच्या शेतात पोटभर जेवत होती. त्या भांडणाची गोष्ट वेगळी.)

त्यानंतर गावातल्या एका हळदीत त्यांनी नवरदेव समजून फोटोग्राफरला हळद लावली. चांगली दोन्ही हातांनी, गालांना, कपाळाला. फोटोग्राफर कॅमेऱ्यासकट पिवळा झाला. लोक हसून हसून लोळले. बाबाही हसले, पण घरी येताना त्यांनी माझा खांदा धरला होता आणि तो दारापर्यंत सोडला नाही.

बाबांना मोतीबिंदू झाला होता. तो काढायची सोयही होती, आणि ती फुकट होती. बाबा लष्करात ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर होते. पुरती नोकरी करून, पेन्शन घेऊन आमच्या गावी, दिघाशीला, परत आले होते. लष्कराचा दवाखाना, कँटीन, माजी सैनिक म्हणून मिळतं ते सगळं त्यांना लागू होतं. त्यातलं त्यांनी काहीही कधी घेतलं नाही. पेन्शन तेवढी घ्यायचे, तीही आई त्यांच्याबरोबर बँकेत जायची म्हणून.

माझे मामा, आईचे थोरले भाऊ, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते भिवंडीत राहायचे आणि बाबांच्या अगदी उलट. कँटीनच्या साबणाशिवाय आंघोळ नाही, कँटीनच्या बिस्किटाशिवाय चहा नाही. दात दुखला तरी लष्कराचा दवाखाना, आणि न दुखला तरी, गेलोच आहे तर दाखवून येतो म्हणून. मामा दर भेटीत बाबांना समजवायचे. हक्काचं आहे, भीक नाही, सरकारने आपल्यासाठीच ठेवलंय. बाबा शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ज्यांना गरज हाय, त्यांना घेऊ दे." मग फोटोग्राफरला लावलेली हळद आठवून आम्ही सगळे एकमेकांकडे बघायचो.

गावात यावर बरेच तर्क होते. कुणी म्हणे बाबांना ताठा आहे. कुणी म्हणे साहेबाशी भांडण झालं होतं. काशिनाथकाकांचं मत, बाबा लढाईत गेलेच नसावेत, कुठेतरी पुण्यात गाडी धूत बसले असावेत. (काका म्हशीमुळे दुखावलेले होते.) मला स्वतःला तो निव्वळ हट्ट वाटायचा.

आणि मग मामांनी बातमी आणली की भिवंडीतल्या एका शाळेत माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी डोळ्यांचं शिबिर आहे. तपासून, मोतीबिंदू निघाला तर लष्कराच्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करणार. 'घरच्यांसाठी' हा शब्द ऐकला आणि आई चुलीपुढून उठलीच. बाबा स्वतःसाठी कधी जाणार नाहीत, पण मुलासाठी जातील. तेव्हा डोळे माझे बिघडायचे.

मी तेव्हा दापोड्याला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होतो. तरणाताठा, नजर घारीसारखी. पण आईचा हुकूम झाला आणि मी आंधळेपणाला लागलो. पहिल्या दिवशी उंबऱ्याला अडखळलो. दुसऱ्या दिवशी मिठाऐवजी चहात रांगोळी घ्यायला निघालो, तेव्हा आईने डोळे वटारले, कारण चहात मीठही कुणी घालत नाही. बाबा बघत होते, म्हणजे त्यांना जेवढं दिसत होतं तेवढं. एके रात्री जेवताना त्यांनी माझ्या ताटातल्या बोंबलाचे काटे चाचपत काढून दिले. त्यांना ते काटे दिसत नव्हते, मला दिसत होते. मी खाली मान घालून जेवलो.

सोंग घरापुरतं राहिलं असतं तर बरं. पण आमच्या गावचे दोघे गोडाऊनमध्ये हमालीला होते. त्यांनी बातमी दापोड्याला पोचवली. ट्रकचे ड्रायव्हर माझ्याशी मोठ्याने बोलायला लागले, कारण दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार. एकाने माझा हात धरून मला रस्ता ओलांडून दिला. मला जायचं होतं अलीकडेच. मालकांनी बोलावून घेतलं आणि मोठ्या मायेने विचारलं की डोळे बरे होईपर्यंत मोजणीचं काम दुसऱ्याला देऊ का. मी घरी येऊन आईला सांगितलं की शिबिर लवकर झालं नाही तर माझी नोकरी जाईल. आई म्हणाली, "मग नीट आंधळा हो ना."

शिबिराच्या दिवशी बाबा पहाटेच तयार होते. पांढरा सदरा, टोपी, दाढी केलेली, हनुवटीवर एक पट्टा राहून गेलेला. त्यांनी माझा हात धरला. एसटीने आम्ही भिवंडीला आलो. शाळेच्या पटांगणात मांडव होता, खुर्च्या होत्या, गणवेशातले डॉक्टर होते, आणि बाजूच्या कारखान्यातले कापडाचे लूम खडखडत होते. त्यात नावं पुकारत होते, त्यामुळे प्रत्येक नावाला चार माणसं उठायची.

मामांनी आमच्या नकळत एक काम करून ठेवलं होतं. माझ्या नावाखाली बाबांचंही नाव घातलं होतं. मी आत बसल्यावर बाबांना पुकारतील, एवढ्या लोकांत ते नाही कसं म्हणतील, असा सुभेदारी डाव.

माझं नाव आलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलं, काय होतं. मी म्हटलं, दिसत नाही. त्यांनी समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. खरं वाचलं तर बाहेर घालवतील म्हणून मी सगळी चुकीची वाचली. बाई गंभीर झाल्या. इतकं वाईट आहे तर पडदा तपासायला हवा, म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत माझ्या दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. परत घातले. थोड्या वेळाने मला समोरच्या बाईंच्या जागी पांढरा ढग दिसायला लागला. ढगाने माझे डोळे तपासले आणि म्हटलं, "तुमचे डोळे एकदम उत्तम आहेत. नाटक कशासाठी केलंत?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात बाहेर बाबांचं नाव पुकारलं गेलं. पूर्ण नाव, पुढे लष्करातला हुद्दा. दुसऱ्यांदा पुकारलं. मग मामांचा आवाज आला, "अवो, उठा, तुमचंच नाव हाय." आणि मग मामाच कुणाला तरी सांगत होते, "अरे, गेले कुठे?"

मी धडपडत बाहेर आलो. उन्हात डोळे उघडवेनात. सगळीकडे नुसता पांढरा उजेड आणि त्यात हलणारे पांढरे सदरे. फाटकाजवळ टोपी घातलेला एक सदरा पाठमोरा चालला होता. मी धावत जाऊन त्याचा दंड पकडला आणि म्हटलं, चला, घरी जाऊ, मी चुकलो. सदरा मुकाट्याने चालायला लागला. बरंच चालल्यावर तो नम्रपणे म्हणाला, "भाईसाब, मेरी शिफ्ट है. किधर ले जा रहे हो?" लूमवर कामाला जाणारा कुणी चाचा होता तो. बिचाऱ्याने मला आंधळा समजून साथ दिली होती. त्यानेच मला परत फाटकापाशी आणून सोडलं. तिथे भिंतीला टेकून बाबा उभे होते. मागच्या म्हाताऱ्याला आपली खुर्ची देऊन ते बाहेर आले होते आणि माझी वाट बघत होते.

"काय बोलला डाक्टर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, औषध घातलंय, आता खरंच दिसत नाही. 'खरंच' हा शब्द निसटून गेला. बाबांनी तो ऐकला असणार. त्यांनी माझा हात धरला.

यापुढचा प्रवास म्हणजे ज्याला दिसत नाही तो ज्याला दिसत नाही त्याला घेऊन चालला होता. स्टँडवर मी त्यांना पाटी वाचायला सांगितली, त्यांनी मला. विचारायला जावं तर दोघांनाही विचारायचं कशाला हा ताठा. आमच्या गावावरून वाड्याला जाणारी समजून आम्ही ज्या गाडीत बसलो ती भलतीकडे निघाली. कंडक्टरने तिकिटाला विचारलं तेव्हा ते कळलं. आमच्याकडे बघून त्याने बेल मारली आणि आम्हाला दापोड्याच्या फाट्यावर उतरवलं. म्हणजे माझ्याच गोडाऊनसमोर. आमचा एक ड्रायव्हर ट्रकमधून ओरडला, "साहेब, आज वडिलांना पण आंधळं केलं काय?"

मी हसायला लागलो. हसता हसता बाबांकडे वळलो. नीट दिसलं नाही, पण ते हसत नव्हते.

रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. ट्रक जात होते. मला राग आला होता. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, माझं सोंग, आईची युक्ती, मामांनी घातलेलं नाव. आणि विचारलं, एवढं करूनही तुम्ही उठून का आलात. तुमचं नाव पुकारलं होतं ना.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग जे बोलले ते माझ्याकडे न बघता. बघूनही उपयोग नव्हता म्हणा.

एकाहत्तरच्या लढाईत ते जखमींना पुढच्या ठाण्यावरून मागच्या इस्पितळात आणायचे. गाडीत दोघांनाच झोपवायला जागा. एका फेरीला बाहेर तीन स्ट्रेचर होते. आत तंबूत डॉक्टरचे हात रक्तात होते. तो आतूनच बोलला, दोन घेऊन जा, कोणते ते बघ.

"मी बघितलं," बाबा म्हणाले. "दोघं वरडत होते. तिसरा गप होता. गप हाय म्हनजे बरा हाय, असं मना वाटलं. जे वरडत होते ते मी घेतले. त्या तिसऱ्याची भाषा मना येत नव्हती. त्यानं हातानंच सांगितलं, जा."

परत येईपर्यंत त्याच्यावर घोंगडी घातली होती.

"नाव पन इचारलं नव्हतं मी," ते म्हणाले. "आता तिथं माझं नाव पुकारतात ना, तेव्हा वाटतं, तो अजून लायनीत हाय. त्याच्या पुढं कसा जाऊ?"

मी गोडाऊनचा सुपरवायझर. मला हिशेबी बोलायची सवय. मी म्हटलं, बाबा, तुम्ही घेतलं नाही म्हणून त्याला काही मिळणार नाही. आता खाटाही भरपूर असतात.

"असतील," बाबा म्हणाले. "मी कुठं न्हाय बोलतंय."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, औषधाने होतंय. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि अंदाजाने माझ्या कानाला पुसला.

घरी मी आईला सांगितलं. तिलाही ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत तिने विचारलं नव्हतं असं नाही, त्यांनी सांगितलं नव्हतं. ती उठली, चहा टाकला आणि त्यांच्याजवळ जाऊन नुसती बसली. त्यानंतर घरात लष्कराच्या दवाखान्याचा विषय कुणी काढला नाही. मामांना मी वेगळं गाठून सांगितलं. पुढच्या भेटीला ते पहिल्यांदाच हात हलवत आले, कँटीनच्या बिस्किटांशिवाय.

पुढच्या हिवाळ्यात भिवंडीतल्या एका साध्या दवाखान्यात बाबांनी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. अट एकच, त्या दिवशीचे सगळे पेशंट आधी, ते शेवटी. डॉक्टरांना वाटलं म्हातारा घाबरलाय. पट्टी सुटली तेव्हा त्यांनी आधी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "तू केवढी थकलीस." आई त्यावर आठवडाभर रुसली होती. दुसरा डोळा करायचा राहिला. त्याआधीच एका दुपारी, ओट्यावर बसल्या बसल्या, बाबा गेले.

आता आईला तिच्या हक्काने लष्कराच्या दवाखान्याचं कार्ड मिळालंय आणि ती ते मनापासून वापरते. गुडघे, बी.पी., खोकला, सगळं. नाव पुकारलं की पदर खोचून तरातरा आत जाते. एकदा मी तिला म्हटलं, तुला काही वाटत नाही का. ती म्हणाली, "त्यांनी घेतलं न्हाय, ते त्यांच्या जागी बरोबर. मना त्यांच्या वाटचं पन घ्यायचंय."

मी तिला घेऊन जातो आणि बाहेर उभा राहतो. बाकं रिकामी असतात. तिथली माणसं बसा बसा म्हणतात. मी एकदा बसून बघितलं, पण आत कुणाचं तरी नाव पुकारलं आणि मी आपोआप उठलो. परवा एक बाई मला बसायचा आग्रह करत होत्या, तर आई आतून औषधाची पिशवी घेऊन आली आणि त्यांना म्हणाली, "र्‍हाऊ दे गो बाय. त्याच्या डोल्यात काय दोष न्हाय, डाक्टरनं सांगितलंय. पन रिकामी जागा त्याला दिसत न्हाय."