मार्गे फुलबाग, रंगमंदिर, जुना धक्का

बसस्थानकावर तिला सगळे भोंगाताई म्हणत. कंडक्टर तोंडावर म्हणत, बाकीचे पाठीमागे नुसतंच भोंगा म्हणत, आणि तिला दोन्हीचं काही वाटत नसे. चौकशीच्या खोलीत, जाळीच्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारायच्या हे तिचं काम. बावीस वर्षं तेच. आवाज असा खणखणीत की बाकावर डुलक्या घेणारा माणूस ताडकन उठून भलत्याच गाडीत चढायचा. घरी मात्र ती इतकं हळू बोलायची की शेजारीण प्रत्येक वाक्याला दोनदा "काय?" म्हणायची. आवाज सगळा ड्युटीवर खर्च होतो, घरी आणायला उरत नाही, असं तिचं म्हणणं.

सगळ्यांत जास्त वेळा ती पुकारायची ती शहराची गाडी. दर अर्ध्या तासाला एक. "शहराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे. मार्गे टेकडीनाका, फुलबाग, रंगमंदिर, जुना धक्का." एका पाळीत सोळा वेळा. शहर तिथून तीन तासांवर. तिथली गर्दी, तिथली दुकानं, तिथल्या दिव्यांच्या गोष्टी गावभर चालत. आणि ही बाई एकदाही तिथे गेलेली नव्हती. लोकांना याची मोठी गंमत वाटे. त्यात गमतीचं काय आहे, हे मात्र मला कधी कळलं नाही. तिच्या रजा कुठे जात होत्या, ते कुणी विचारलं असतं तर हसू आपोआप आवरलं असतं.

रजा जात होत्या बिट्टीपायी. बिट्टी ही तिची धाकटी बहीण. वडील आधीच गेलेले. आई गेली तेव्हा बिट्टी सहा वर्षांची आणि ही एकोणीसची. त्याच महिन्यात तिला ही नोकरी लागली. शाळा सुटली की बिट्टी तडक चौकशीच्या खोलीत यायची. आत मुलांना मनाई होती, म्हणून टेबलाखाली दप्तरावर बसायची. साहेब फेरीला आले की ताई पाय जरा पुढे करायची, तेवढ्यात पोरगी झाकली जायची.

माइक बंद झाला की खालून प्रश्न यायचा.

"ताई, फुलबागेत काय आहे?"

"तुझ्या डोक्याएवढी फुलं."

"आणि रंगमंदिरात?"

"छताला हजार दिवे. पेटवायला एक माणूस आणि विझवायला दुसरा. दोघांचं आपसात पटत नाही."

"आणि धक्क्यावर?"

"निळी होडी. खिडक्यांना पडदे लावलेली."

"होडीतून पलीकडे गेलं की?"

पलीकडे रोज वेगळं असायचं. कधी हत्ती, कधी बर्फाचा डोंगर, कधी नुसत्या खेळण्यांचं दुकान, दार नसलेलं. एकदा बिट्टीला ताप होता, टेबलाखाली ती कण्हत होती, आणि त्या दिवशी पलीकडे आई होती. ते बोलल्यावर ताईने जीभ चावली. पण पोरगी शांत झोपून गेली, मग राहू दिलं.

"आपण जायचं का गं?"

"जायचं तर. तू मोठी झालीस की."

बिट्टी मोठी झाली. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, आणि आता अठ्ठाविसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला, एवढंच की इथे राहणारा नव्हता. जिथे ती जाणार होती तिथे इथली सकाळ म्हणजे संध्याकाळ. लग्नाला उरले होते तीन आठवडे.

अशात एका संध्याकाळी बिट्टीच्या दोन मैत्रिणी घरी आल्या. एक नर्स, दुसरी पार्लरवाली. दोघी आल्या त्याच हुकूम सोडत.

"ताई, हिची बॅचलरेट करायची आहे."

"काय करायची आहे?"

"लग्नाआधीची शेवटची मजा हो. फक्त मुली. शहरात दोन दिवस. पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल, सगळ्यांना सारखे टीशर्ट..."

पार्लरवालीने हॉटेलचा दर सांगितला आणि बिट्टी हसली. लग्नाचा खर्च दोघी बहिणीच करत होत्या. "राहू दे गं," ती म्हणाली, "इथेच गच्चीवर बसू." मैत्रिणींचे चेहरे पडले.

ताई ओट्याशी होती. तिने हात पुसले आणि ती बाहेर आली. "मी करते," ती नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली. "शहरातच. दोन दिवस. सगळं मी ठरवणार."

बिट्टीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तू स्वतः येणार? रजा टाकून?"

"येणार."

"मग ठरलं," बिट्टी लगेच म्हणाली.

ताईने कंबर कसली. कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा कुटुंबातल्या चार जणांचा फुकट पास मिळत असे. नर्स आणि पार्लरवाली दोन दिवसांपुरत्या तिच्या मावसबहिणी झाल्या. शहरात खात्याचं विश्रांतिगृह होतं, लोखंडी खाटांचं पण स्वच्छ. एक वेळचं जेवण घरून डब्यात. टीशर्टऐवजी डेपोतल्या पेंटरकडून नवरीसाठी एक पट्टा करून घेतला. गाड्यांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने काळ्या कापडावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं, 'नवरी, विनाथांबा'. नर्स ते बघून खाटेवर लोळून हसली.

आणि फिरायचं कुठे, हा तर प्रश्नच नव्हता. ड्युटीच्या कागदामागे ताईने वेळापत्रक आखलं, आगमन आणि प्रस्थान अशा रकान्यांसकट. शनिवारी फुलबाग, मग रंगमंदिर. रविवारी जुना धक्का, होडी. मधे एका रकान्यात लिहिलं होतं, 'हसणे व फोटो, पंधरा मिनिटे'. बिट्टीला कबूल केलेलं सगळं ती लग्नाआधी तिच्या पदरात घालणार होती. पोरगी इथून जाताना एवढं तरी घेऊन जावी. नुसता काटकसरीचा संसार आणि टेबलाखालचं दप्तर घेऊन नको.

"फुलबागेचे फोटो बघू," म्हणत पार्लरवालीने फोन काढला. बिट्टीने तो झटकन काढून घेतला.

"अजिबात नाही. ताईचा प्लॅन आहे. आधी बघून ठेवायचं नाही."

ताईला तेव्हा ते प्रेम वाटलं. होतंही तेच, फक्त तिला वाटलं तेवढंच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, एवढे ड्रायव्हर रोज समोर, एकाला तरी विचारायचं की बाबा रे, फुलबागेत आहे काय? बावीस वर्षांत तिने ते कुणालाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

शनिवारी फुलबागेच्या थांब्यावर चौघी उतरल्या. बिट्टीच्या अंगावर पट्टा, ताईच्या हातात वेळापत्रक. समोर गाड्या लावायची सहा मजली इमारत उभी होती. डावीकडे पेट्रोल पंप. ताई फूटपाथवर इकडून तिकडे दोनदा गेली, मग पंपावरच्या माणसाला विचारलं.

"बाग? ती होती म्हणे कधीतरी," तो म्हणाला. "आता फक्त थांब्याला नाव आहे."

ताईचं तोंड एवढंसं झालं. नर्स सावरून घेत म्हणाली, "होतं असं ताई, चला, चहा घेऊ." बिट्टी म्हणाली, "चहा मागच्या गल्लीत मिळतो," आणि सरळ चालायला लागली.

रंगमंदिराच्या थांब्यावर गाद्यांचं दुकान होतं. दुमजली, काचेचं. थिएटर केव्हाच पाडलेलं. पार्लरवालीने मात्र हार मानली नाही. ती नवरीला घेऊन आत घुसली आणि विक्रेत्याला म्हणाली, "लग्न आहे हो, गादी बघायची आहे." मग तिघी या गादीवरून त्या गादीवर लोळत सुटल्या. विक्रेता पट्टा वाचून गालात हसत होता. फोटो निघाले, हसणं झालं, पंधरा मिनिटांचा रकाना केव्हाच मागे पडला.

ताई दाराजवळच्या एका गादीच्या कडेवर टेकली होती. तिने वर पाहिलं. छताला चार ट्यूबलाइट होत्या. तिने वेळापत्रकाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि पर्समध्ये अगदी तळाशी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणी खाली नाश्त्याला गेल्या तेव्हा ती पिशवी भरत होती.

"हे काय?" बिट्टीने विचारलं.

"दहाची गाडी पकडू. घरी जाऊ."

"आणि धक्का?"

"तिथेही काही नसणार गं. मी काय बघून सांगितलं होतं का? सगळं मनचं होतं. लहानपणी तुला फसवलं ते फसवलं, आता दोन मैत्रिणींदेखत तोंडघशी पाडलं. तुला काही म्हणजे काही देता आलं नाही मला." एवढं बोलून ती खाटेवर बसली आणि रडली. बिट्टीने तिला आईच्या वेळीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

बिट्टी तिच्याजवळ येऊन बसली. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"बाग नाही, थिएटर नाही. मी एकोणीसची असताना परीक्षेला आले होते ना? तुला रजा मिळाली नाही. तू कंडक्टरला दहादा बजावून मला गाडीत बसवलंस. पेपर संपल्यावर मी गेले होते. फुलबागेला उतरले आणि तुझा असा राग आला, म्हटलं घरी गेल्यावर बोलायचंच नाही. मागच्या गल्लीत चहा घेतला. मग रंगमंदिर. त्या गाद्यांच्या दुकानाबाहेर उभी राहून रडले मी."

ताईला काल सरळ गल्लीत शिरलेली बिट्टी आठवली.

"आणि मग डोक्यात आलं," बिट्टी म्हणाली, "आपण आज एकोणीसचे आहोत. त्या माइकवर बसली तेव्हा ताईपण एवढीच होती. मला तर त्या दिवशी रस्ता ओलांडायची भीती वाटत होती गं. आणि तू आई गेल्यावर महिनाभरात नोकरी करत होतीस, वर मला रोज एक आख्खं शहर रचून देत होतीस. राग कुठे गेला कळलं नाही."

"मग आत्ता आधीच का नाही सांगितलंस? एवढे हेलपाटे..."

"सांगितलं असतं तर तू रजा टाकली असतीस का? मला कुठे हवी होती पार्टी? मी जाणार, आणि तू त्या जाळीमागे माझ्याशिवाय बसणार. त्याआधी तुला एकदा तिथून उठवून बाहेर आणायचं होतं. शहर मी पाहिलं होतं, ताई. तूच पाहिलं नव्हतंस."

ताईने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं.

"आणि एक," बिट्टी म्हणाली. "धक्क्याला मी उतरले नव्हते. एक थांबा आधीच परत फिरले. म्हटलं, एवढं एक राहू दे. ताईबरोबर बघू."

साडेदहाला चौघी शेवटच्या थांब्यावर उतरल्या. ताई डोळे खाली घालूनच चालत होती, इतकं की पाण्याचा वास आधी आला आणि पाणी नंतर दिसलं.

पाणी होतं. होडीही होती. निळी बिळी काही नाही, गंजलेली, सपाट, लोखंडी. पडदे नाहीत, खिडक्याही नाहीत. तिच्यावर सायकली होत्या, भाजीच्या टोपल्या होत्या, आणि एका म्हाताऱ्याच्या काखेत कोंबडी होती. तिकीट चहापेक्षा स्वस्त. नर्स आणि पार्लरवाली उड्या मारत चढल्या. ताईला पाण्याची भीती होती, हे तिला स्वतःला त्याच घटकेला कळलं. बिट्टीने तिचा हात धरला आणि फळीवरून आत घेतलं.

मग तिने आपल्या अंगावरचा पट्टा काढून ताईच्या गळ्यात घातला.

"काढ गं, लोक काय म्हणतील!"

"अभिनंदन हं बाई," कोंबडीवाला म्हातारा म्हणाला. पार्लरवालीची हसून मुरकुंडी वळली. ताई लाजून लाल झाली, पण पट्टा तिने काढला नाही.

होडी सुटली. धक्का मागे जाऊ लागला. पलीकडचा काठ धुरकट होता, काही झाडं असावीत, काही छपरं असावीत. बिट्टी तिच्या खांद्याला टेकून उभी होती. थोड्याच दिवसांनी तो खांदा रिकामा होणार होता, आणि दोघींनाही ते पक्कं ठाऊक होतं.

"ताई," बिट्टीने विचारलं, "पलीकडे काय आहे?"

ताईने ओठ उघडले. हत्ती आठवला, डोंगर आठवला, तापाची ती दुपार आठवली. मग तिने कठडा सोडला.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "चल, बघू या!"

आणि हे ती घरच्या नव्हे, ड्युटीवरच्या आवाजात म्हणाली. होडीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.