रोल धुणारे अण्णा

"डोळ्याला काय झालंय का तुमच्या?" माझा पहिला रोल धुऊन अण्णांनी उजेडात धरला, तेव्हाचं हे त्यांचं पहिलं वाक्य. छत्तीस फोटोंपैकी एकावरही त्यांनी दया दाखवली नाही. धाराशिवात रोल धुणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी निमूट ऐकून घेतलं, आणि पुढं कित्येक वर्षं ऐकतच राहिलो.

बंद पडलेल्या स्टुडिओंतून मुदत संपलेले रोल अण्णा पिशव्या भरभरून आणत आणि घरच्या फ्रीजमध्ये मिरच्या-कोथिंबिरीशेजारी ठेवत. आमच्यासारख्या हौशींना ते स्वस्तात मिळत. धुण्याचीही त्यांची एक रीत होती. कालवलेलं औषध फार दिवस टिकत नाही, म्हणून चार रोल जमल्याशिवाय ते औषधाला हातच लावत नसत. "एका रोलासाठी औषध नासायचं न्हाय. घाई आसंल तर पुण्याला धाडा," एवढं बोलून पत्र्याच्या दुकानात पेपर वाचत बसायचे. पुण्याचा खर्च ऐकला की माणूस परत त्यांच्याच दारात.

एक मात्र मानावं लागेल. हातून रोल बिघडला, तर अण्णा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तोंडावर सांगत. बेंबळीच्या एका हौशी गुरुजींचा रोल गेला, तेव्हा घरात पाहुणे असताना उभं राहून म्हणाले, "म्या खराब केला." गुरुजी नाही नाही ते बोलले. अण्णांनी सगळं ऐकलं आणि एसटी धरली.

माझ्या आईला काचबिंदू होता. नजर काही महिन्यांत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आईचे दात पुढं. जन्मभर प्रत्येक फोटोत तिनं तोंडाला पदर लावला. येरमाळ्याला देवीच्या पायऱ्यांवर मात्र ती कशाला तरी खळखळून हसली, पदर बाजूलाच राहिला, आणि मी फोटो काढला. "हसताना कशी दिसते मी, एकदा बघू दे मला," ती म्हणाली. मोबाइल खिशात होता. पण आम्ही पडलो कलावंत! फोटो रोलवर काढला.

तो रोल चौथ्या रोलाची वाट बघत अख्खा उन्हाळा अण्णांच्या पत्र्याखाली पडून राहिला. आईचं मी त्यांना सांगितलंच नाही. 'मग मोबाइल काय पूजेला ठेवलाय?' असं ते म्हणाले असते, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. रोल धुतला गेला तोवर आईची नजर पार गेली होती. रोलही निघाला काळा ठिक्कर.

घरी येऊन मी दुसराच एक जुना फोटो आईच्या हातात दिला. म्हणालो, "फार छान आलीयेस." ती लाजली. आठवडाभर तो फोटो तिच्या उशाशी होता.

मग अण्णा आले. रोल बिघडला की घरी येऊन सांगायची त्यांची रीत मी साफ विसरलो होतो. त्यांनी नाव सांगताच आईनं फोटो पुढं केला. "हा तर छानच म्हणणार. तुमी खोटं बोलत न्हाय म्हणं. सांगा बरं, कशी दिसते मी?" तिच्या मागं उभा राहून मी हात जोडले. अण्णांनी माझे हात पाहिले, मग फोटो पाहिला.

"ही बाभळ हाय, आक्का. तुमचा फोटू उन्हानं गेला. म्या चार महिने ठेवला, म्या घालवला."

आईनं फोटो मला परत दिला. अण्णा चहा न घेताच उठले. दारात मी त्यांना गाठलं. "एक वाक्य खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"तुमी बोलला की. तेवढं बास न्हाय व्हय?"

त्या दिवशी मला त्या माणसाचा मनस्वी संताप आला. महिन्याभरात नवा रोल घेऊन मी पुन्हा त्यांच्याच दुकानात बसलो होतो. माझा जीव होता त्यांच्यावर, त्याला मी तरी काय करणार?

आई मात्र तेव्हापासून माझ्या शब्दावर चालत नाही. दूध कोमट आहे म्हटलं तरी बोट बुडवून बघते. सकाळ झाली म्हटलं तर आधी रेडिओ लावते. गेल्या वर्षी अण्णा गेले. त्यांना पोचवून आलो, अंघोळ केली आणि तिच्याजवळ बसून सांगितलं.

ती म्हणाली, "शेजारच्या सुमनला हाक मार. तिला इचारते."