यादीतले आबा

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सुरतच्या लिंबायत भागात एका शाळेतल्या मतदान केंद्रावर शेवटचं मत पाच वाजून चाळीस मिनिटांनी पडलं. मतदानाची वेळ पाचला संपत होती. उशिराचं कारण केंद्राच्या कागदपत्रांत 'ओळख पटवणे' असं दोन शब्दांत लिहिलं गेलं.

मी तेव्हा एका मराठी दैनिकाला सुरतहून बातम्या पाठवत होतो आणि लिंबायतमधल्याच एका गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. गल्लीतली बहुतेक घरं खानदेशातली. पुरुष लूमच्या खात्यांत, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांत, बायका घरी साड्यांना लेस लावणाऱ्या. माझ्या खालच्या खोलीत आबा आणि वहिनी राहत. आबांचं हे खरं नाव नव्हे. गल्लीत कुणी कुणाला खऱ्या नावाने हाक मारत नसे. खानदेशात घरातला पुरुष आबा असतो, नाहीतर नाना, बापू किंवा अप्पा, आणि पुष्कळदा तो पाळण्यात असल्यापासूनच असतो.

मतदारयादीसाठी माणूस फिरला तो आदल्या वर्षी, भर दुपारी. तो एका गुजराती शाळेतला मास्तर होता, हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद. त्या वेळी दिवसपाळीचे पुरुष खात्यात होते आणि रातपाळीचे झोपले होते. दार बायकांनी उघडलं.

"घरधणीनुं नाम?" मास्तरांनी विचारलं.

वहिनींनी पदर पुढे ओढला. "आबा."

"आबा शुं? आखुं नाम बोलो, बेन."

"आबाच."

"राशनकार्ड?"

राशनकार्ड पेटीत होतं, पेटीची किल्ली आबांच्या खिशात आणि आबा खात्यात. मास्तरांनी 'आबा' लिहिलं. वहिनींना स्वतःचं नाव विचारलं, ते त्यांनी नीट सांगितलं. शेजारच्या घरात 'नाना' लिहिलं गेलं, त्याच्या पलीकडे 'बापू', मग पुन्हा 'आबा'. मी जिन्यात उभा होतो. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत इतकी अंगवळणी पडलेली की त्यात काही चुकतंय असं मलाही वाटलं नाही.

आबांना ही गोष्ट मतदानाच्या आठवडाभर आधी कळली. गल्लीच्या तोंडाशी एका पक्षाने मांडव घालून मतदारांच्या चिठ्ठ्या वाटायला घेतल्या होत्या. आबांच्या गुजराती चिठ्ठीवर आडनाव नव्हतं, बापाचं नाव नव्हतं, नुसतं 'आबा' आणि वय होतं. मांडवातला पोरगा म्हणाला, "चालशे, काका."

आबांना ते चालणार नाही अशी धास्ती होती, आणि तिला कारण होतं. सुरतेत येऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती. इतकी वर्षं त्यांचं नाव गावच्या यादीत होतं आणि त्यांच्या नावावर गावातलं कुणीतरी मत देऊन मोकळं होत होतं. दोन निवडणुकांना ते मुद्दाम गाडी पकडून गावी गेले होते. दोन्ही वेळा केंद्रावर सांगण्यात आलं की तुमचं मत झालं. म्हणून इथली नोंद झाल्यावर त्यांनी धाकट्या भावाकरवी गावच्या यादीतून नाव कमी करून घेतलं होतं. आता मत होतं ते इथेच. इथे नाही पडलं तर कुठेच नाही.

मतदानाच्या दिवशी वहिनी सकाळी नऊला गेल्या, बोटाला शाई लावून घेतली आणि साडेनऊला लेस लावायला बसल्या. आबांना दिवसपाळी होती. शेठने सुट्टी दिली नव्हती. जोडीदार म्हणाला, चार वाजता जा, तुझे आठ लूम मी बघतो, पण सहाच्या आत ये, सोळा लूम एकट्याने सांभाळायला मी काही देव नाही.

बातमीदाराचा पास असल्याने मला केंद्रात जाता येत होतं. सकाळी तिथे सगळं सुरळीत होतं. 'आबा' पुकारला गेला की पक्षांचे एजंट हसत, यादीत खूण करत आणि आबा मत देऊन बाहेर पडे. अकराच्या सुमाराला चौदा नंबरच्या घरातला आबा एक्केचाळीस नंबरच्या आबाच्या ओळीवर मत देऊन गेल्याचं उघड झालं. एक्केचाळीसचा आबा समोर येऊन उभा राहिला म्हणून ते कळलं. त्यानंतर एका एजंटाने, जाड मिशांच्या एका गृहस्थाने, प्रत्येक आबा-नानावर हरकत घ्यायला सुरुवात केली. राशनकार्ड मागितलं जाऊ लागलं. राशनकार्डावर खरी नावं होती, म्हणजे यादीशी न जुळणारी. दुपारपर्यंत दोन नाना आणि तीन बापू परत गेले. त्यांतले एक बापू मला दारात भेटले. "जाऊ द्या, पेपरवाले भाऊ," ते म्हणाले, "झोप तरी होईल."

आबा चार वाजून दहा मिनिटांनी आले. डोक्यात कापसाची पांढरी लव होती, शर्ट मात्र धुतलेला. त्यांनी चिठ्ठी आणि राशनकार्ड दोन्ही पुढे केलं.

केंद्राध्यक्ष पन्नाशीचे गुजराती गृहस्थ होते, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले; नावं वेगळी होती. "आमां तो बीजुं नाम छे, भाई."

"साहेब, दोन्ही मीच. आबा बी मीच."

मिशीवाला एजंट उठला. "साहेब, आखी गली आबा छे. हाक मारी जुओ."

केंद्राध्यक्षांनी खरंच दारातून बाहेर डोकावून हाक मारली. "आबा कोण?"

रांगेतून चार हात वर झाले. खोलीतले आबा धरून पाच.

"नाव कोणी दिलेलं?" केंद्राध्यक्षांनी आबांना हिंदीत विचारलं.

"घरवालीने."

"तिला बोलवा. सांगू दे."

आबांना बाजूच्या बाकावर बसवलं, रांगेतल्या चार आबांना बाहेरच थांबायला सांगितलं आणि रांग पुढे सरकली. मी केंद्र आणि गल्ली यांच्यामधलं अंतर त्या दिवशी पाचव्यांदा चाललो. वहिनींना निरोप सांगितला तेव्हा शेजारच्या दोघी उंबऱ्यावर होत्याच. त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"आज ते नाव ले वं बहिनी. सरकारी काम शे."

"मी कशी लेवू त्यासनं नाव?"

"मग बसाड त्यासले इस्कुलमा सांजपावत!"

वहिनींनी सुई पुठ्ठ्यात खोचली आणि चपला घातल्या. एकवीस वर्षांच्या संसारात त्यांनी ते नाव उच्चारलं नव्हतं. रस्ताभर त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. मागून त्या दोघी आणि आणखी तिघी. आम्ही पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं होती.

"बेन," केंद्राध्यक्ष म्हणाले, "आ भाईनुं नाम शुं?"

वहिनींनी पदर सारखा केला. नजर मतपेटीवर ठेवली. आणि आडनाव, नाव, सासऱ्यांचं नाव, तिन्ही एका दमात, खणखणीत सांगून टाकलं.

दारातल्या बायकांतून "अव माय!" असा आवाज उठला. मिशीवाल्या एजंटाने दोन्ही हात पसरले. "लो! बाई खुद कहे छे के आ आबा नथी."

आबांनी कपाळाला हात लावला. "अव, एकवीस वरीस नही लिधं, आन आजच लिधं?"

"तुमनंच नाव शे ना?" वहिनी म्हणाल्या. "का मी लबाड सांगं?"

केंद्राध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "यादीवाल्या मास्तरला तुम्हीच आबा सांगितलं होतं?"

"हा."

"मग हे नाव तेव्हा का नाही सांगितलं?"

"तवय कुठे निवडणूक व्हती?" वहिनी म्हणाल्या.

खोलीत पहिल्यांदा हसणारा माणूस म्हणजे शाई लावणारा शिपाई. मग दुसरा एजंट हसला. केंद्राध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, त्यांची आई वडिलांना आजतागायत 'सांभळो छो' म्हणून हाक मारते, म्हणजे आपण म्हणतो तसं 'अहो, ऐकलं का'. त्यांच्या घरी हा मास्तर दुपारी आला असता तर वडिलांचं नाव यादीत 'सांभळो छो' असं छापून आलं असतं.

"ते बरोबर, साहेब," मिशीवाला म्हणाला, "पण सकाळी एकाचं मत दुसऱ्याने दिलं ना? उद्या माझ्यावर येईल."

तो बोलला ते खोटं नव्हतं. केंद्राध्यक्षांनी मान हलवली, घड्याळ पाहिलं, शिपायाला बाहेर पाठवून रांगेतल्या उरलेल्या माणसांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटायला लावल्या आणि फाटक बंद करवलं. पाच वाजले होते. मग त्यांनी यादी स्वतःकडे ओढली आणि आबांच्या ओळीवर बोट ठेवलं. बोट एक ओळ खाली आणलं. तिथे वहिनींचं नाव होतं. घर क्रमांक तोच. पतीचं नाव या रकान्यात 'आबा'.

"या बाईंनी सकाळी मत दिलं," ते मिशीवाल्याला म्हणाले. "तुमच्या यादीत खूण आहे?"

"आहे."

"हरकत घेतली होती?"

"नाही."

"म्हणजे आबाची बायको हीच, हे तुम्हाला सकाळी मान्य होतं."

मिशीवाल्याने आपल्या यादीवरची ती खूण पुन्हा पाहिली.

केंद्राध्यक्षांनी वहिनींकडे पाहिलं. "बेन, तुमचा नवरा कोणता?"

खोलीत आठ-नऊ पुरुष होते. वहिनींनी हनुवटीने बाकाकडे खूण केली. "त्या."

मिशीवाला खाली बसला. "लई लो, साहेब," तो म्हणाला.

वहिनींचं म्हणणं एका कागदावर लिहून घेतलं गेलं आणि त्याखाली त्यांनी सही केली. आबांच्या डाव्या तर्जनीवर शाई लागली. त्यांना मतपत्रिका आणि शिक्का मिळाला. ते पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले आणि इतका वेळ आत राहिले की शिपायाने खाकरून पाहिलं. बाहेर आल्यावर त्यांनी घडी केलेली मतपत्रिका पेटीत टाकली आणि ती आत गेली की नाही ते फटीत वाकून बघितलं. पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. ते तसेच खात्याकडे धावले.

बाहेर चिठ्ठ्या मिळालेले चार आबा उभे होते. त्यांनी हे सगळं खिडकीतून ऐकलं होतं आणि आपापल्या घरी निरोप धाडले होते. केंद्राध्यक्षांनी एकेका बायकोला फाटकातून आत घ्यायला सांगितलं. विचारल्यावर चौघींनीही नवऱ्याचं नाव 'आबा' असंच सांगितलं. चौथ्या आबाचं मत पाच चाळीसला पडलं.

त्या रात्री मी फोनवरून बातमी दिली. डेस्कवरच्या उपसंपादकाने विचारलं, "गडबड कसली?"

"नावांची."

"बोगस?"

"नाही. लाडाची."

दुसऱ्या दिवशीच्या अंकात सुरतची एक ओळ होती: किरकोळ तक्रारी वगळता मतदान शांततेत पार पडले.

मतमोजणीच्या रात्री गल्लीतल्या ज्या घरी टीव्ही होता त्याच्या दारात अर्धी गल्ली बसली होती. देशाचे आकडे येत होते, मध्येच सिनेमा लागत होता, पुन्हा आकडे. आबांना रातपाळी होती. वहिनी पाय दुमडून पुढच्या रांगेत, हातात साडी आणि लेस. कुणीतरी विचारलं, "वहिनी, आबांचं मत कुणाला?"

"त्यासले इचारा."

"तुम्हाला नाही सांगितलं?"

"बारा दिवस व्हयनात, इचारी इचारी थकनू," वहिनी म्हणाल्या. "सांगतस नहीत. म्हने, तू बी एकवीस वरीस मनं नाव सांगं नही."

पावसाळ्यानंतर आबांनी नाव दुरुस्तीचा फॉर्म भरला. गुजरातीतला मजकूर मी लिहून दिला, सही त्यांची. १९९८ च्या निवडणुकीची यादी आली तेव्हा ती बघायला आम्ही तिघं मिळून गेलो. आबांच्या ओळीत आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव छापलेलं होतं. खालच्या ओळीत, वहिनींच्या नावापुढे, पतीचं नाव या रकान्यात 'आबा' होतं.