पाळीवरची लाल खुर्ची

मुरारीचा जीव जळायला लागला तो एका लाल प्लास्टिकच्या खुर्चीवरून. हसू नका. लाखांदूरकडच्या आमच्या गावात मासेमार ढिवरांचा अख्खा मोहल्ला आजवर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मातीतच बसत आला होता. त्यात एकट्या खेमराजला खुर्ची मिळाली.

तलावातल्या मासोळीचा ठेका हल्ली पवनीच्या ताराचंद शेठकडे आहे. लिलावात गावची मच्छीमार सोसायटी त्याच्यापुढे टिकली नाही, आणि आपल्याच तलावात आपलेच लोक रोजीने जाळं ओढू लागले. याचा राग मुरारीला यायला हवा होता. आला नाही. शेठ मोठा माणूस, त्याच्याशी कोण बरोबरी करणार! पण शेठने खेमराजला राखणदार नेमलं आणि मुरारीच्या पोटात दुखू लागलं. दोघं एकाच डोंग्यात लहानाचे मोठे झालेले, त्यात जाळं फेकण्यात मुरारी सरस. तरी खुर्ची त्याला! खेमराजने लांबून रामराम केला तरी याला वाटायचं, मुद्दाम खुर्ची दाखवतोय.

"कसा बसून राहिला, पाहय! जसा तलाव याच्या बापाचा," तो बायकोला, दुर्गाला म्हणायचा.

"तलाव तं आपल्या साऱ्यायच्या बापाचा होता. शेठले काहून नाही म्हणत?"

यावर मुरारी पाठ फिरवून झोपून जायचा.

मोठं जाळं ओढून झालं की काठच्या गाळात उरलेली बारीक मासोळी बायांनी वेचून न्यायची, ही गावची जुनी रीत. शेठने ती बंद केली होती. खेमराज मात्र बाया उतरल्या की दुसरीकडे तोंड करून बिडी ओढत बसायचा. मुरारीला हे चांगलं ठाऊक होतं. दुर्गाने आणलेली तीच मासोळी तो मिटक्या मारत खायचा.

आणि तरी एका सकाळी शेठची गाडी पाळीवर थांबली, तेव्हा या शहाण्याने जवळ जाऊन सांगितलंच, "शेठ, तुमचा राखणदार बायायले मासोळी नेऊ देऊन राहिला." जळफळाटात माणसाला स्वतःचं ताटही दिसत नाही, दुसरं काय!

शेठने खेमराजला तिथल्या तिथे उठवलं. "तू बस आता," तो मुरारीला म्हणाला. "पण एक मासोळी गेली तं तुले बी उठवीन."

मुरारी छाती फुगवून बसला; शेठ गाडीतच बसून जाळं निघायची वाट पाहू लागला. खेमराज मातीत बसला. जाळं निघालं, बाया टोपल्या घेऊन आल्या आणि खुर्चीकडे पाहून थबकल्या. दुर्गा तेवढी थांबली नाही. तिने टोपली भरली, वर आली आणि नवऱ्याच्या पायाशी ठेवली.

"खेमराजभाऊच्या खुर्चीवर जळले तुमी," ती म्हणाली. "तलाव गेला तवा कुठी होते?"

"काय आहे रे टोपलीत?" शेठ गाडीतून ओरडला.

मुरारी उठला. मला वाटलं, आता खुर्चीच तलावात फेकतो. त्याने टोपली उचलली, शेठच्या गाडीत रिकामी केली आणि खेमराज येऊन बसेल या धास्तीने धावतच परत खुर्चीवर येऊन टेकला. खेमराज तर जागचा हललाही नव्हता.