मालकाची सही

फायनान्स कंपनीच्या यार्डातले साहेब जेवायला गेलेत. वॉचमनच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या मल्लिनाथ हत्तुरेचे डोळे मिटायला लागतात. समोर, उचलून आणलेल्या गाड्यांच्या रांगेत, त्याच्या वडिलांची पांढरी गाडी उभी आहे. तिच्यावर त्यानं कर्ज काढलं, हप्ते थकले. मेव्हण्याकडून आणलेली सगळी रक्कम आज खिशात आहे. पण साहेब म्हणतात, गाडी वडिलांच्या नावावर, तेव्हा सहीला तेच हवेत, नाहीतर उद्या लिलाव. अण्णा गावाला गेलेत, असं मल्लिनाथ दोनदा सांगून बसलाय. खरं तर कर्ज काढलं तेव्हाच त्यांना वारून चार महिने झाले होते. सही त्यानंच ठोकली होती. गाडी गेली तर आईला डायलिसिसला न्यायचं कसं, या विचारातच मान कलते.

गाडीचं डावं दार उघडं आहे. मल्लिनाथ आत बसतो. स्टिअरिंगवर अण्णा. रुद्रभूमीत पुरताना बसवलं होतं तसेच मांडी घालून बसलेत, कपाळावर विभूती. पाय मांडीत, तरी गिअर पडतो आणि गाडी निघते. फाटकाबाहेर रस्ता नाही, घरचं स्वयंपाकघर आहे. आई पाठमोरी भाकरी थापतेय. गाडी तिच्या मागून जाते, ती वळून बघत नाही. फडताळ ओलांडलं की साहेबांचं टेबल.

मल्लिनाथ कागद पुढे करतो. अण्णा आधीची सही निरखतात. माझ्यापेक्षा वळणदार काढलीस, शाळेत असं अक्षर कुठं होतं, म्हणतात.

"तेवढी एक सही करा, अण्णा."

ते डावा हात वर करतात. मूठ घट्ट, बोटांच्या फटीत माती.

"मी डावखुरा. या हातात तुम्हीच इष्टलिंग ठेवलंत. ते सोडून पेन धरू?"

टेबलाखालून ओल्या मातीचा गारवा येतो. भिंती आत सरकतायत. एक माणूस बसेल एवढीच जागा उरते.

"मी कुठं बसलोय ते सांग की त्यांना," अण्णा म्हणतात. "त्याला माझी सही लागत नाही."

वॉचमन त्याला हलवतो. साहेब समोर उभे आहेत. वडील आज तरी येणार का, विचारतायत.

मल्लिनाथ उभा राहतो. "अण्णा वारले, साहेब. कर्जाच्या आधीच. सही मी केली होती."

साहेब म्हणतात, मृत्यूचा दाखला आणा, तोवर लिलाव थांबवतो. पोलिसात जायचं की नाही ते वरचे ठरवतील.

छाती चुरचुरतेय म्हणून मल्लिनाथ शर्टाची वरची बटणं काढतो. डाव्या खांद्यापासून उजव्या कुशीकडे सीटबेल्टचा तिरका, लाल वळ उमटलाय. सकाळपासून तो पायीच फिरतोय.