बर्फाचं चित्र
दाराला जवसाचं तेल लावलं की त्या वासानं मला ते चित्र आठवतं. सत्तर-बहात्तरच्या सुमारास कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून घेतलेलं, बर्फानं झाकलेल्या डोंगराचं तैलचित्र. कुठल्यातरी परदेशातलं असणार, असंच आम्ही धरून चाललो होतो. एकदा वळिवड्याची आत्या आली आणि त्याच्यासमोर थबकलीच. "अगं, ह्यो जोतिबाचा डोंगर की! दुसऱ्या म्हायुद्धात देश सोडून आमच्या गावात ऱ्हायलेली पोलंडची बाई असली चित्रं काढायची. 'ह्ये पांढरं काय?' म्हणून म्या इचारलं, तर भर उन्हात अंग आवळून कुडकुडून दाखवलं तिनं!" मी पुन्हा पाहिलं. गच्चीवरून रोज दिसणारी तीच उतरण होती. अजूनही चैत्रातल्या रणरणत्या दुपारी तो डोंगर दिसला, की मी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेते.